पिंजऱ्याच्या अलीकडून : वाचकांचे प्रश्न, निवृत्त रखवालदाराची उत्तरं

मागच्या अंकात 'निवृत्त प्राणी रखवालदार तुमच्या प्रश्नांना उत्तरं देतील' अशी चौकट छापून आली आणि तीन आठवड्यांत संपादकांनी एक पिशवी भरून पत्रं माझ्या घरी पाठवली. त्यातल्या निम्म्या पत्रांत एकच प्रश्न आहे : वाघ कधी अंगावर आला का? नाही आला. आला असता तर हे सदर दुसऱ्या कुणाला लिहावं लागलं असतं. उरलेल्यांतली काही पत्रं निवडली आहेत. मी एका महानगरपालिकेच्या प्राणीसंग्रहालयात एकतीस वर्षं होतो. सुरुवातीला हरणवाडा, मग सिंह-वाघ, मग अकरा वर्षं पाणघोडा आणि शेवटी पक्षी व ती बोटभर माकडं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं नाव आणि डोस विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत.

मी बारावी सायन्सला आहे. प्राण्यांवर माझं जिवापाड प्रेम आहे आणि मला झू-कीपर व्हायचंय. घरचे हसतात. दिवसभर नक्की काय काम असतं? — एक विद्यार्थिनी, सातारा

हसू दे त्यांना. माझी आईही हसली होती, आणि पहिला पगार हातात ठेवला तेव्हाही हसतच होती. म्हणाली, घरच्या म्हशीचं शेण काढायला लाजायचास, आता सरकारी शेण काढतोस.

तर प्रेमाचं नंतर बघू. तुला घाणीची किळस आहे का, ते आधी सांग. आमच्याकडे हरणांच्या लेंड्या, झेब्र्याची लीद, पाणघोड्याचं शेण, पक्ष्यांची शीट असा ज्याचा त्याचा शब्द वेगळा, आणि ते उचलणं हे कामाचं निम्मं आयुष्य. पण नुसतं उचलायचं नाही, बघायचं. हाडं चावून खाल्लेल्या सिंहाची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरट दिसते, ते चांगलं. डांबरासारखी काळी आणि चिकट दिसली तर आत कुठेतरी रक्त जातंय, तेव्हा खराटा खाली ठेवायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. प्राणी दुखणं लपवतो. जंगलात लंगडणाऱ्याला कुणी जगू देत नाही, म्हणून पिंजऱ्यात चार पिढ्या काढल्या तरी ती खोड जात नाही. तो सांगणार नाही, घमेलं सांगतं.

सकाळी सातला हजेरी. साफसफाईला हात लावायच्या आधी एक फेरी : मोजणी, डोळे, चाल, रात्रीचं उरलेलं खाणं. मग कोठीत भाजी-फळं चिरणं, चारा वजन करून घेणं. मग जनावर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकवायचं आणि रिकामी खोली धुवायची. मांजरकुळाच्या खोल्यांत फिनेल वापरायचं नाही, ते वाघ-सिंहांना बाधतं. साधी घरची मांजर असेल तर तिच्यापाशीही नको. वाघ-सिंहांना खाणं दिवसातून एकदाच, संध्याकाळी, तेही आतल्या रात्रीच्या खोलीत. लोकांना वाटतं हे जनावराच्या सोयीसाठी आहे. अर्धं तसं आहे. बाकीचं अर्धं असं, की उपाशी सिंह संध्याकाळी हाकेसरशी आत येतो; पोट भरलेला सिंह अंधार पडला तरी झाडाखाली लोळत राहतो आणि आपण 'ये बाबा, ये बाबा' करत बसतो. आठवड्यातून एक दिवस त्यांना लंघन. जंगलात रोज शिकार कुठे मिळते?

आता कुलपाची गोष्ट. ही मी प्रत्येक नव्या पोराला सांगत आलोय, तुलाही सांगतो. चूक माझी होती. दोन सिंहिणी आतल्या खोलीत घेतल्या, मधला सरकता दरवाजा खाली सोडला आणि बाहेरचं अंगण झाडायला आत शिरलो. दरवाजा खटकन वाजला होता, म्हणजे बसला असं मी धरलं. तो बसला नव्हता. आदल्या रात्रीच्या हाडाचा एक तुकडा खालच्या खाचेत अडकला होता आणि दरवाजा चार बोटं वर राहिला होता. अंगणात मधोमध पोचलो तेव्हा लोखंडावर नख घासल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर फटीतून एक पंजा मनगटापर्यंत बाहेर आलेला, आणि तो दरवाजा वर उचलायला बघत होता. पळालो नाही. पळायचं नसतं हे माहीत होतं म्हणून नव्हे, पाय हललेच नाहीत. मग चालत बाहेर आलो, कुलूप घातलं, आणि पाण्याच्या हौदावर बसून राहिलो. तेव्हापासून आधी खाच झाडायची, मग दरवाजा सोडायचा, मग खिट्टी आरपार गेली का ते हात लावून बघायचं, मग आतली डोकी मोजायची, आणि त्यानंतर किल्ली. मोजताना मोठ्यानं मोजायचं. मनातल्या मनात मोजलं की माणूस स्वतःला फसवतो.

प्रेमाविषयी एवढंच सांगतो. आईनं टाकलेला सिंहाचा एक बछडा आम्ही बाटलीवर वाढवला. तीन आठवडे मी तिथेच झोपलो. दर दोन-तीन तासांनी दूध, आणि प्रत्येक वेळी दूध पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं त्याचं बूड हलक्या हातानं पुसायचं, कारण आईनं चाटल्याशिवाय इतकं लहान पिल्लू लघवी-शी करतच नाही. हे कुणी सांगितलं नाही तर दूध पाजून पाजूनच पिल्लू मरतं. तो बछडा वर्षाचा झाल्यावर माझा वास आला की जाळीला अंग घासायचा. आणि त्याच दिवसापासून मी जाळीच्या आत जाणं बंद केलं. त्याचं माझ्यावर प्रेम होतं की नाही ठाऊक नाही, पण त्याचं वजन माझ्यापेक्षा जास्त व्हायला लागलं होतं.

रस्ता म्हणशील तर दोन. रखवालदाराची पदं महानगरपालिकेच्या किंवा वनखात्याच्या जाहिरातीतून निघतात. ती खालच्या श्रेणीतली असतात आणि फार क्वचित निघतात. तू शिकते आहेस, तेव्हा दुसरा रस्ता धर : पशुवैद्यकाची पदवी, नाहीतर प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करून प्राणीसंग्रहालयात जीवशास्त्रज्ञ. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं आहे, तिथून शिकून आलेल्या डॉक्टरांच्या हाताखाली मी काम केलंय. पण कोणत्याही रस्त्यानं गेलीस तरी पहिले सहा महिने खराटा हातात घे. जे डॉक्टर खराटा घेऊन उभे राहिले, त्यांना प्राणी समजला.

माझ्या कॉलेजातल्या मुलाने दीड वर्षापूर्वी हिरवा इग्वाना आणला. काचेच्या पेटीत ठेवतो. उकडलेलं अंडं, पालक, कधी कुत्र्याचं खाणं देतो. हल्ली तो हलत नाही, पाय थरथरतात आणि जबडा हाताला मऊ लागतो. थंडीमुळे असेल का? — एक आई, ठाणे

ताई, थंडीमुळे नाही. हे वाचाल त्या दिवशीच विदेशी प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. मऊ जबडा आणि थरथरणारी बोटं म्हणजे हाडांतलं कॅल्शियम संपत आलंय. घरी पाळलेल्या इग्वानांचं हे ठरलेलं दुखणं आहे, आणि त्यात मुलाची दानत नाही, माहिती कमी पडली.

होतं काय, इग्वाना उन्हातल्या अतिनील किरणांपासून अंगात ड जीवनसत्त्व तयार करतो, आणि ते असलं तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडात जातं. खिडकीतून पेटीवर ऊन येतं म्हणून आपण खूश असतो, पण काच नेमके तेच किरण अडवते. उजेड पोचतो, ऊब पोचते, काम होत नाही. त्यासाठी मिळणारी खास ट्यूब लावावी लागते, आणि ती सहा महिने ते वर्षाच्या आत बदलावी लागते. ती दिसायला लख्ख पेटलेली असते, पण आतले किरण केव्हाच मंदावलेले असतात. आमच्याकडे ट्यूबच्या पट्टीवर खडूनं तारीख लिहायचो. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं तर तारेच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, आणि तुम्ही जवळ बसून. काचेची पेटी उन्हात ठेवली तर तासाभरात तो भाजून मरेल.

खाणं सगळं चुकलंय. इग्वाना शुद्ध शाकाहारी आहे, आपल्याकडच्या कितीतरी माणसांपेक्षा कडक. अंडं आणि कुत्र्याचं खाणं त्याच्या मूत्रपिंडावर येतं. पालकही रोज नको, पालकातला एक घटक कॅल्शियम बांधून ठेवतो. शेवग्याचा पाला द्या, जास्वंदीची पानं-फुलं द्या, किसलेला लाल भोपळा द्या. तुमच्या सोसायटीत जास्वंद असेलच, फक्त तिच्यावर औषध मारलेलं नको.

कागदाचंही बघून घ्या. २०२२ मध्ये वन्यजीव कायदा बदलला आणि वन्यप्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या विदेशी प्राण्यांसाठी त्यात वेगळं परिशिष्ट आलं. इग्वाना त्यात येतो. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर करावी लागते. दुकानदारानं पावती दिली नसेल तर, ताई, वनखात्याच्या कार्यालयात जाऊन स्वतः विचारा. दडवून ठेवण्यात आई-मुलाचं दोघांचंही भलं नाही. आणि मुलाला सांगा, पूर्ण वाढलेला इग्वाना शेपटीसकट पाच फुटांच्या वर जातो. शेपटीचा फटका वेतासारखा लागतो, माझ्या पोटरीवर दोन वळ आले होते.

पाणघोड्याला रक्ताचा घाम येतो हे खरं का? — एक शिक्षक, परभणी

रक्त नाही आणि घामही नाही. त्याच्या कातडीतून एक पातळ स्राव येतो, सुरुवातीला बिनरंगी, मग लालसर, मग तपकिरी. २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्यातली रंगद्रव्यं वेगळी करून दाखवली : उन्हापासून आणि जंतूंपासून कातडी वाचवण्याचं ते औषध आहे. मला हे माहीत नव्हतं त्या काळात, पहिल्याच आठवड्यात, मी पांढऱ्या रुमालानं जाळीपलीकडून त्याची पाठ पुसली आणि लाल रुमाल घेऊन धावत डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर आधी पोटभर हसले. रुमाल कधीच स्वच्छ झाला नाही, बायकोनं शेवटी त्याची पुसणी केली.

सर, मुलांना एवढं मात्र जरूर सांगा, की गवत खाणारा म्हणून तो गरीब नव्हे. खालचे सुळे हातभर असतात. मी सिंहाला जितका घाबरलो नाही तितका त्याला घाबरलो. सिंह रागावण्याआधी सांगतो. हा तोंड उघडतो तेव्हा खूश आहे की संतापलाय हे अकरा वर्षांत माझं दोनदा चुकलं. आणि शेपूट गोल फिरायला लागली की मागे उभं राहू नये. शेपटीनं तो शेण पंख्यासारखं उडवतो. का, ते मुलांना एकदा बघितल्यावर सांगावं लागत नाही.

मी पाचवीत आहे. राणीच्या बागेत पेंग्विन पाहिले. त्यांना बर्फाची आठवण येत असेल ना? — एक छोटा वाचक, डोंबिवली

नाही रे, त्यांनी बर्फ पाहिलेलाच नाही! ते हम्बोल्ट पेंग्विन आहेत. दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहणारे. तिथला किनारा वाळवंटासारखा कोरडा, फक्त समुद्र गार. समुद्रपक्ष्यांच्या शतकानुशतकं साठलेल्या शिटेच्या थरात बिळं खणून हे घरटी करतात. म्हणून भायखळ्याला त्यांना बर्फ लागत नाही, १६ ते १८ अंशांची हवा आणि गार, स्वच्छ पाणी लागतं. तुझ्या आईनं ठरवलं तर तीही त्या खोलीत स्वेटर घालून राहील.

मी तिथे नोकरी केलेली नाही, तिकीट काढून तुझ्यासारखाच काचेपाशी नाक लावून उभा राहिलो होतो. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ पेंग्विन आले, त्यातला एक थोड्याच महिन्यांत गेला. १५ ऑगस्ट २०१८ ला तिथे पिल्लू जन्मलं, भारतात जन्मलेलं पहिलं पेंग्विनचं पिल्लू. ते जेमतेम आठवडाभर जगलं. तेव्हा पेपरांत पुष्कळ गदारोळ झाला. मला मात्र त्या रात्रपाळीच्या माणसाची आठवण येत होती, ज्यानं ते पहिल्यांदा निपचित पाहिलं असेल.

आता एक गुपित. मासे गोठवून ठेवले की त्यातलं ब-१ जीवनसत्त्व कमी होतं. म्हणून मासळीवर जगणाऱ्या प्राण्यांना ती गोळी वेगळी द्यावी लागते. आणि पेंग्विन गोळी खाईल का? तुझ्यासारखाच थुंकून देईल. मग रखवालदार माशाच्या कल्ल्यात गोळी सारतो आणि मासा डोक्याकडून पुढे करतो. पेंग्विन अख्खा मासा डोक्याकडूनच गिळतो, नाहीतर पर घशात उलटे अडकतात. पुढच्या वेळी गेलास तर नीट बघ, कोणाकोणाला कल्ला फुगलेला मासा मिळतो ते.

बाजारातून आणलेलं 'लकी' कासव आता ताटाएवढं झालंय. गावच्या देवळाच्या तळ्यात सोडावं म्हणतो. पुण्याचंच काम ना? — एक वाचक, सांगली

नाही. ते लाल कानाचं अमेरिकन कासव आहे, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी उपऱ्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. तळ्यातल्या आपल्या कासवांचे ऊन खायचे दगडही तेच बळकावतं. नाण्याएवढं होतं तेव्हा दुकानदारानं ते तीस वर्षं जगतं हे सांगितलं नसेल. मोठं टाकं द्या, वर चढून अंग सुकवायला दगड द्या, ऊन द्या आणि सांभाळा. नाहीच जमलं तर वनखात्याकडे किंवा प्राणी बचावाचं काम करणाऱ्यांकडे द्या. पुण्य लागणार असेल तर तिथेही लागेल.

२०१० साली कर्ज काढून ईमूच्या जोड्या आणल्या होत्या. पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांनी सोडून दिले, आमची एक मादी अजून आहे. आई तिला सोडू देत नाही. तिला काय काय जपावं? — एक शेतकरी, सांगोला

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. ईमूपालनाच्या धंद्याचा फुगा २०१२ च्या सुमारास फुटला तेव्हा रस्त्यावर फिरणारे ईमू लोक आमच्याकडे आणून सोडायचे आणि आम्हाला 'जागा नाही' म्हणावं लागायचं. त्या वेळी आलेल्या एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नऊ होते. दोन घेतले. परत गेलेल्या सातांचं काय झालं ते मी विचारलं नाही, आणि ते मला अजून टोचतं.

ती ढोल घुमल्यासारखा आवाज काढते का? काढत असेल तर मादी नक्की, नर नुसता घुरघुरतो. सगळ्यात मोठा धोका खिळे, तारेचे तुकडे, बाटल्यांची बुचं यांचा आहे. चमकणारं दिसलं की ईमू गिळतो. बांधकाम काढलं असेल तर संध्याकाळी लोहचुंबक फिरवून अंगण झाडा. हिरवा पाला, भोपळा, कोंबडीखाद्य चालेल. पावसात चिखल नको, पाय घसरून मोडला तर तिथेच संपलं. धरायची वेळ आली तर समोरून जाऊ नका, ईमू पुढच्या बाजूला लाथ मारतो आणि नखानं मांडी फाडतो.

जाता जाता सांगतो, आईला आवडेल : ईमूत अंडी नर उबवतो. आठ आठवडे बसतो, जवळजवळ काही खात-पीत नाही. मादी अंडी घालून निघून जाते.

प्राणीसंग्रहालय म्हणजे तुरुंग. तुम्ही एकतीस वर्षं जेलर होतात. झोप कशी लागली? — एक वाचक, पुणे

आपण सही केली नाहीत, पण पत्र नीट अक्षरात लिहिलंय, म्हणून उत्तर देतो.

झोप लागायची, कारण अंग मोडून आलेलं असायचं. पण आपण म्हणता ते सगळं खोटं नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात एक म्हातारी सिंहीण होती. सिमेंटचा ओटा, लोखंडी गज, बास. ती नऊ पावलं जायची, वळायची, नऊ पावलं यायची. वळायच्या जागी तिच्या पायानं सिमेंट गुळगुळीत झालं होतं. लोक म्हणायचे, वा, काय रुबाबात फिरते. ते फिरणं नव्हतं. डोकं ठिकाणावर नसल्याचं ते लक्षण होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी प्रशिक्षणात कळलं.

मग आम्ही काय केलं? घरून दालचिनी नेली. खरंच. लाकडाच्या ओंडक्यावर दालचिनीची पूड चोळली आणि हरणवाड्यातला वापरलेला पेंढा कोपऱ्यात टाकला. सिंहीण थबकली. ओंडका हुंगला, वरचा ओठ वर ओढून दात दाखवले, वास जिभेवर घेतला की मांजरं तसं करतात, आणि मग त्या पेंढ्यात पाठीवर लोळली. वीस मिनिटं एकही फेरी नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वासाला दहा मिनिटं. चौथ्या दिवशी ढुंकूनही बघितलं नाही. मग जिरं. मग बडीशेप. वाणी विचारायचा, घरी लग्नकार्य आहे का?

१९९२ मध्ये केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण आलं, नियम आले, बरीच वाईट ठिकाणं बंद झाली. गजांच्या जागी खंदक आले, मोकळी अंगणं आली. पुण्याच्या पेशवे पार्कातून प्राणी कात्रजला नेले तो याच बदलाचा भाग. आपण पुण्याचे, म्हणून दोन्ही पाहिलं असेल. अजूनही काही ठिकाणं अशी आहेत जी उद्या बंद झाली तर मी पेढे वाटीन. पण सगळीच बंद करा म्हणाल तर मी आपल्या बाजूनं नाही. मंगोलियातला रानघोडा जंगलातून पुरता संपला होता, प्राणीसंग्रहालयांत उरला होता, तिथून तो पुन्हा माळावर गेला. दार्जिलिंगच्या प्राणीसंग्रहालयात वाढलेल्या लाल पांडांच्या माद्या २००३ मध्ये सिंगालीलाच्या जंगलात सोडल्या.

माझ्या हातून एकही प्राणी जंगलात गेला नाही. तेवढं मात्र आपण मला ऐकवू शकता.

सगळ्यात नखरेल खाणारा कोण? — एक वाचक, मडगाव

मार्मोसेट. ब्राझीलचं माकड, वजन पावशेर-दीडपावाच्या आसपास, तोंड रागावलेल्या मामलेदारासारखं. जंगलात ते झाडाची साल दातांनी खरवडून डिंक खातं. म्हणून आम्ही ओंडक्याला भोकं पाडून त्यात बाभळीचा डिंक भरायचो. एकदा कोठीतला डिंक संपला होता आणि पुरवठा चार दिवस येणार नव्हता. धाकटी मुलगी तेव्हा बाळंत होऊन माहेरी आली होती. घरातला लाडवांचा डिंक अर्धा गायब झाला, त्याचा चोर अजून सापडलेला नाही असं आमच्या घरी समजतात. आता हे छापून आल्यावर सापडेल.

माझे मिस्टर एका प्राणीसंग्रहालयात रखवालदार आहेत. लग्नाला तीन वर्षं झाली, एकही दिवाळी घरी नाही. अंगाला वास येतो, तो आंघोळीनं जात नाही. वाघीण आजारी पडली की जेवत नाहीत. माझी तक्रार नाही, पण हे असंच राहणार का? — एक वाचक, नागपूर

तक्रार आहे, मुली, आणि ती रास्त आहे.

आधी वासाचं. कपडे आणि बूट घरात आणूच देऊ नको. कामाच्या जागीच बदलून यायला सांग, तिथे सोय नसेल तर मागायला सांग. आणलेच तर वेगळी बादली, गरम पाणी. हे नुसतं वासापायी नाही. क्षयासारखे आजार जनावराकडून माणसाकडे येतात आणि माणसाकडून जनावराकडेही जातात. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणीसंग्रहालयातल्या वाघिणीला कोरोना झाला तो रखवालदाराकडूनच गेला असावा असं मानतात. पुढच्या वर्षी हैदराबादला आठ सिंहांना झाला. तुझ्या नवऱ्याची वार्षिक तपासणी होते का, छातीचा फोटो काढतात का, ते विचार. लाजू नको, हे तुझंही आरोग्य आहे. अंगाला डाळीचं पीठ आणि लिंबू. पूर्ण जाणार नाही. माझ्या बायकोला पाणघोड्याचा वास आणि सिंहाचा वास वेगवेगळा ओळखू यायचा, बदली झाली हे मी सांगायच्या आधीच तिला कळलं होतं.

आता दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके सुरू झाले की हरणं आंधळी होऊन जाळीवर धडकतात. चितळ तर नुसतं भ्यालं, फार पळालं, तरी दुसऱ्या दिवशी पाय ताठ होऊन मरतं. जखम कुठेच नसते. म्हणून त्या रात्री आम्ही जाळीला हिरवं कापड बांधायचो आणि हरणवाड्याच्या कडेला बसून बोलत राहायचो. ओळखीचा माणसाचा आवाज चालू असला की कळप जरा दबून राहतो. काय बोलायचं? काहीही. एका वर्षी मी आणि माझा जोडीदार क्रिकेटच्या एका सामन्यावर पहाटे तीनपर्यंत भांडलो, त्या वर्षी एकही हरीण गेलं नाही. तुझा नवरा ती रात्र अशी काढत असेल. तो सांगत नसेल, आम्ही सांगत नाही, हा आमचा दोष.

वाघीण आजारी असताना जेवत नाही म्हणतेस. मीही जेवायचो नाही. पण डबा रिकामा घरी न्यायचो, वाटेत कुत्र्यांना घालून. एकतीस वर्षांनी बायको म्हणाली, मला माहीत होतं.

तिनं लग्नाच्या चौथ्या दिवाळीला एक केलं. रात्री अकराला धाकट्या दिराला घेऊन स्कूटरवर फाटकापर्यंत आली, फराळाचा डबा घेऊन. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही, नियम आहे. मी फाटकाशी आलो, पाच मिनिटं आम्ही गजांच्या दोन बाजूंना उभे राहिलो. मग पुढची सगळी वर्षं ती येत राहिली, आधी दिराबरोबर, मग मुलींना घेऊन. मुलींना कितीतरी दिवस वाटायचं की दिवाळी म्हणजे रात्री बाबांना बघायला जायचं.

नागपूरला तुमचं घर जवळ असेल तर जाऊन बघ. डबा मोठा घे, रात्रपाळीला चौघे-पाच जण असतात आणि सगळ्यांच्या घरून येत नाही. चकल्या, करंज्या चालतील. चिवडा नको, अंधारात सांडतो आणि सकाळी पिंजऱ्यापर्यंत मुंग्यांची रांग लागते.